'वारमेद्ये'ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. जुन्या टपाली पाकिटांच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठी माहितीपत्रकं लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. चार पाकिटं आहेत, चारही एकाच गावातून टपालात पडलेली. १९१२च्या शिक्क्यात गावाचं नाव नॉद्यवाराद. १९२२च्या शिक्क्यात ओराद्या-मारे. १९४१ला परत नॉद्यवाराद. १९५६ला ओराद्या. पहिल्या पाकिटावर पाठवणाऱ्याने शाईने 'बिहार वारमेद्ये' असंही लिहिलंय. हा हंगेरियन शब्द. सगळे त्याचं भाषांतर 'कौंटी' करतात. मी 'बिहार जिल्हा' लिहिलं तर वाचणारा थेट पाटण्याला पोचेल. मग काय लिहू? जिल्हा, परगणा, प्रांत, सुभा, की आपलं कौंटीच?

प्रतिसाद

ताई, आधी नावाचं बघू. हंगेरियनमधला ऱ्हस्व 'अ' आपल्या 'ऑ'च्या जवळ जातो, म्हणून 'बिहॉर' लिहा. रोमानियन लोक 'बिहोर' म्हणतात. विहारावरून आलेल्या आपल्याकडच्या बिहारशी या नावाचा काडीचाही संबंध नाही. नॉद्यवारादच्या उत्तरेला बिहॉर नावाचा जुना मातीच्या तटांचा गड होता, त्याच्यावरून सगळ्या मुलखाला हे नाव पडलं.

आता वारमेद्ये. 'वार' म्हणजे गड, किल्ला. नॉद्यवारादमध्येही तोच आहे: 'वाराद' म्हणजे छोटा गड आणि 'नॉद्य' म्हणजे मोठा. पहिला राजा इश्त्वान याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुलूख गडांच्या हिशेबाने बांधून घेतला. प्रत्येक गडावर राजाचा एक माणूस, त्याला 'इश्पान' म्हणत.

पण खरी गंमत 'मेद्ये'त आहे. हा शब्द हंगेरियन लोकांनी शेजारच्या स्लाव्ह भाषांतून घेतला, आणि मुळात त्याचा अर्थ 'मुलूख' नाही, 'हद्द' आहे. रशियनमध्ये 'मेझा' म्हणजे दोन शेतांमधला बांध. हंगेरियनमध्ये हाच शब्द दुसऱ्या वाटेनेही आला, तो 'मेझ्द्ये', आणि त्याचा अर्थ आजही शेताचा बांध असाच आहे. एकाच मुळापासून एकीकडे हातभर रुंदीचा गवताळ बांध आणि दुसरीकडे हजारो चौरस किलोमीटरचा मुलूख. हे मूळ आपल्या घरातही आहे. संस्कृत 'मध्य' आणि हा स्लाव्ह शब्द सख्खे भाऊ. 'मध्य'चं प्राकृतात 'मज्झ' झालं आणि मराठीत 'माज', म्हणून ओटी आणि स्वयंपाकघर यांच्या मधलं ते माजघर. दोन शेतांच्या 'मध्ये' जे असतं तो बांध, आणि बांधाच्या आत जे येतं ती मेद्ये.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला जोडून. हद्दीचं नाव आतल्या जमिनीला पडणं हे मराठीतही झालंय. शीव म्हणजे गावाची सीमा, आणि त्याच शिवेवरून आलेलं शिवार म्हणजे शिवेच्या आतली सगळी रानं. शिवारात उभं असताना शीव कुणाला आठवत नाही.

उलट 'जिल्हा' हा शब्द अरबी, त्याचा मूळ अर्थ बरगडी, बाजू. 'तालुका'ही अरबी, त्याच्या मुळाशी 'संबंध' हा अर्थ. यांच्यात हद्द कुठेच नाही.

मूळ प्रश्नकर्ती

शिवार आणि मेद्ये! हे मला कधीच सुचलं नसतं. पण दादा, माझी अडचण वाढलीच. शब्दातच हद्द असेल तर कुठली हद्द सांगू? चार पाकिटं, एकच गाव, आणि हे बिहॉर आज नक्की कुठे आहे?

प्रतिसाद

ताई, याचं उत्तर एका ओळीत मावणारं नाही.

तुमच्या पहिल्या पाकिटाच्या वेळचं बिहॉर फार मोठं होतं. साडेदहा हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्रफळ, १९१०च्या मोजणीत सुमारे साडेसहा लाख माणसं. पश्चिमेला सपाट काळी जमीन आणि हंगेरियन गावं, पूर्वेला बिहॉर पर्वत आणि रोमानियन गावं, कडेवर मुख्य ठाणं नॉद्यवाराद. पण तीही काही मूळची हद्द नव्हती. १६६०मध्ये वाराद तुर्कांनी घेतलं आणि तिथे सुभ्याचं ठाणं केलं, ते १६९२पर्यंत राहिलं. (म्हणून वारमेद्येला 'सुभा' म्हणू नका. या मुलखाच्या इतिहासात तो शब्द तुर्की अमलासाठी राखून ठेवावा लागतो.) १७८५मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने वारमेद्यांचा जुना कारभार मोडून दहा विभाग केले, आणि १७९०मध्ये मरणाआधी स्वतःच तो हुकूम मागे घेतला. १८७६च्या फेररचनेत शेजारी हॉयदू नावाची नवी वारमेद्ये झाली आणि बिहॉरच्या मुलखातलं देब्रेत्सेन शहर तिकडे गेलं.

मग ४ जून १९२०, पहिल्या महायुद्धानंतरचा त्रियानोंचा तह. बिहॉरचा जेमतेम पाव हिस्सा हंगेरीत उरला, बाकी पर्वतासकट आणि नॉद्यवारादसकट रोमानियात. तुमचं दुसरं पाकीट इथलं. 'ओराद्या-मारे'मधलं 'मारे' म्हणजे मोठं, म्हणजे 'नॉद्य'चाच अर्थ. उरलेल्या हंगेरियन तुकड्याला ठाणंच नव्हतं, ते बेरेत्यो नदीकाठच्या बेरेत्योउय्फॉलूला न्यावं लागलं. या नावातल्या 'उय्फॉलू'चा अर्थ नवं गाव.

३० ऑगस्ट १९४०च्या व्हिएन्ना निवाड्याने (तो जर्मनी आणि इटलीने दिला) नॉद्यवाराद हंगेरीला परत मिळालं, पण दक्षिणेचा बेयुशकडचा भाग रोमानियातच राहिला. म्हणजे त्या चार वर्षांत एकाच नावाच्या मुलखाचे दोन कारभार एकमेकांना खेटून होते. तिसऱ्या पाकिटाच्या पत्रकात एक गोष्ट जरूर लिहा. मे-जून १९४४मध्ये नॉद्यवारादच्या घेट्टोत, म्हणजे बंदिस्त वस्तीत, कोंडलेल्या हजारो ज्यू लोकांना आगगाड्यांत भरून आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं गेलं, आणि त्यात इथल्या कारभाऱ्यांचा आणि पोलिसांचा हात होता. त्या कारभाऱ्यांत वारमेद्येचेही होते. १९४१चा तो शिक्का नुसता शहर परत मिळाल्याच्या आनंदाचा म्हणून दाखवू नये, असं मला मनापासून वाटतं.

युद्धानंतर हद्द पुन्हा १९२०च्या जागी आली. १९५०मध्ये हंगेरीने हॉयदू आणि आपलं उरलेलं बिहॉर एक करून 'हॉयदू-बिहॉर' केलं, ठाणं देब्रेत्सेन. रोमानियातही त्याच सुमारास मोठे विभाग पाडले. १९५२मध्ये बिहोर विभागाला ओराद्या हे नाव दिलं, १९६०मध्ये क्रिशाना, आणि १९६८पासून पुन्हा बिहोर. तेव्हा आज बिहॉर दोन देशांत आहे: रोमानियात पूर्ण नावाने, हंगेरीत जोडनावाच्या मागच्या अर्ध्यात.

प्रतिसाद

आणखी एक शब्द सांगतो. त्रियानोंनंतर हंगेरीत कितीतरी वारमेद्यांचे नुसते तुकडे उरले. १९२३च्या कायद्याने दोन-दोन, तीन-तीन तुकडे जोडले, पण जोडताना अधिकृत नावातच 'एद्येलोरे', म्हणजे 'तूर्तास', हा शब्द घातला. सॉतमार, उगोचा आणि बेरेग 'कारभारापुरत्या तूर्तास एकत्र केलेल्या' वारमेद्ये! उद्या गेलेला मुलूख परत येईल तेव्हा पुन्हा वेगळ्या करू, ही आशा त्या एका 'तूर्तास'मध्ये आहे. सरकारी कागदावर इतकं दुःख मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बिहॉरचा तुकडा मोठा होता, म्हणून तो असा जोडला गेला नाही.

आणि तालुक्याला हंगेरियनमध्ये 'यारास' म्हणतात, शब्दशः फिरणं. आपली 'फिरती'च की!

प्रतिसाद

माझं मत जिल्ह्याच्या विरुद्ध. जिल्हा म्हटलं की वरून नेमलेला कलेक्टर आठवतो. तेराव्या शतकापासून वारमेद्ये ही तिथल्या सरदार-जमीनदारांची होती. त्यांची सभा भरायची, पुढे उप-इश्पानही ते स्वतः निवडू लागले, राजा फक्त वरचा 'फो-इश्पान' नेमायचा. लॅटिन कागदांत इश्पानाला 'कोमेस' म्हणत, मूळ अर्थ राजाचा सोबती. त्यावरून 'कोमितातुस', आणि फिरत फिरत कौंटी. 'परगणा' त्यातल्या त्यात जवळचा. पण नुसतं 'परगणा' लिहिलं तर गड जातो.

हेही बघा: १९५०मध्ये हंगेरीने 'वार' काढून नुसतं 'मेद्ये' ठेवलं होतं. १ जानेवारी २०२३पासून 'वारमेद्ये' अधिकृतपणे परत आलंय. तेव्हा मूळ शब्द ठेवलात तर आजही तो जिवंत आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. पहिलं पत्रक असं केलंय, चूक दिसली तर सांगा:

'नॉद्यवाराद, १९१२. बिहॉर वारमेद्येचं (गडाखालचा परगणा) मुख्य ठाणं, तेव्हा हंगेरीच्या राज्यात. "मेद्ये" म्हणजे मुळात हद्द, शेताचा बांध. पुढच्या तीन पाकिटांत गाव तेच आहे, बांध सरकला आहे.'

प्रतिसाद

छान झालंय ताई. फक्त शेवटच्या वाक्यात 'सरकवला आहे' करा. बांध आपोआप सरकत नाही.