कुसुमाग्रजांचं काय वाचावं?

27 फेब्रुवारीला नाशकात काव्यवाचन आहे. जीवन, मृत्यू, प्रेम तिन्ही यायला हवं. वेळ दहाच मिनिटं. काय घेऊ?

— ‘विशाखा’तलं (1942) ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ घ्याच. सूर्याच्या ओठांतली आग प्यावी, असं पृथ्वीला वाटतं. म्हणजे तिथे मीलन हाच मृत्यू! तरी मंगळ, ध्रुव नाकारून ती त्याची दूरताच पत्करते. रडक्या सुरात वाचलंत की तिचा ताठा गेला.

— वृत्ताकडे लक्ष द्या. लघु-गुरु-गुरु (एक आखूड, दोन लांब अक्षरं) चार वेळा, दुसऱ्या ओळीत शेवटचं अक्षर कमी. दर तीन अक्षरांवर ठेका धरला की पाढे म्हटल्यासारखं होतं. श्वास ओळ संपल्यावरच घ्या.

— जोडीला ‘कणा’. सगळे ‘लढ’वर आवाज चढवतात, टाळ्याही पडतात; पण खरी ओळ त्याआधीची, एकटेपणाची. ती हळू वाचा.