कडक हिवाळ्यात हरणांसाठी डोंगर बंद: पटतं का?

सॉल्टलेककर
अमेरिकेतल्या युटा राज्यातला २०२२-२३ चा हिवाळा इथले लोक विसरणार नाहीत. रोज सकाळी आधी गाडी उकरून काढायची, मग ऑफिस. डोंगरावरच्या बर्फात साठलेलं पाणी राज्याच्या सरासरीने ३० इंचांवर गेलं. आधीचा विक्रम १९८३ चा, २६ इंचांचा. त्या फेब्रुवारीत वन्यजीव खात्याने हरणांची गळलेली शिंगं वेचायला राज्यभर बंदी घातली, ती १ मेला उठली. शेजारच्या वायोमिंगच्या पश्चिम भागात तर सार्वजनिक जमिनीवर दरवर्षीच १ जानेवारी ते ३० एप्रिल ही बंदी असते.

म्यूल डिअर हे इथलं हरीण हिवाळा काढतं ते उन्हाळ्यात अंगावर चढवलेल्या चरबीवर. सेजब्रशची झुडपं चघळायची, कमीत कमी हलायचं आणि शिल्लक पुरवून वापरायची. मार्चपर्यंत शिल्लक संपत आलेली, माद्या गाभण, आणि नेमकी तेव्हाच शिंगांच्या मागे माणसं डोंगरावर. एक कुत्रा भुंकला की कळप छातीभर बर्फातून पळतो. हरीण मरतं ते आठवड्याने, दुसऱ्याच कुठल्या ओढ्यात. पळवणाऱ्याला पत्ताही नसतो.

माझं मत: अशा वर्षी डोंगरावर शिंगं, ट्रेकिंग, स्कीइंग सगळंच बंद हवं.

खडूस_ऑग्डेनकर
सगळंच? मी आणि मुलगा दर वसंतात शिंगं वेचतो. टीव्हीसमोरून त्याला उठवणारी ही एकच गोष्ट उरली आहे. त्याच हिवाळ्यात वायोमिंगमध्ये पाइनडेलजवळ प्राँगहॉर्न हे हरणासारखे प्राणी मेले, त्यात मायकोप्लाझ्मा बोव्हिस या जिवाणूचा न्यूमोनिया होता. तो शिंगं वेचणाऱ्यांनी आणला का?

आणि कुंपणं! प्राँगहॉर्न सहसा उडी मारत नाही, तारेखालून सरपटतो. बर्फाने खालची फट बुजली की अडकला. वर आय-८० हायवेने स्थलांतराची वाट कापलेली. तिथे कुणी हात लावत नाही. बंदी कुणावर? पायी चालणाऱ्यावर.

सॉल्टलेककर
कुंपणं बदलायला वर्षं लागतात, माणूस आजच्या आज थांबू शकतो. तोवर कळपाने काय करायचं?

भाबडा_प्रश्न
सरळ चारा का नाही टाकत?

सॉल्टलेककर
झुडपांवर जगणाऱ्या हरणाच्या पोटातले जिवाणू त्याच खाण्याला सरावलेले असतात. अचानक गवताचा पेंढा मिळाला तर पोट भरलेलं असूनही ते मरू शकतं. त्या वर्षी रिच काउंटीत खात्याने खास गोळ्यांचं खाद्य टाकलं होतं, पण तो अगदी शेवटचा उपाय.

चंद्रपुरी
आमच्या ताडोब्याचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईला हटकतात आणि तिच्या शेजारून पर्यटकांची जिप्सी धुरळा उडवत जाते. बंदी नेहमी ज्याच्याकडे तिकीट नाही त्याच्यावर येते. तुमच्याकडे स्की रिसॉर्ट बंद झाले का हो त्या हिवाळ्यात?

बाकी, आपल्याकडे सांबराचं गळलेलं शिंग घरी आणलं तरी १९७२ चा वन्यजीव कायदा मागे लागतो. चार महिने थांबायची कसली कुरकुर?

खडूस_ऑग्डेनकर
पहिल्या परिच्छेदात माझ्या बाजूने, दुसऱ्यात विरुद्ध. धन्यवाद.

बर्फाळ_बाई
मी स्कीइंग करते, त्यामुळे पक्षपाती आहे. वायोमिंगमधल्या टेटॉन डोंगररांगेत बिगहॉर्न या रानमेंढ्या शंभरेकच उरल्या आहेत, म्हणून ग्रँड टेटॉन राष्ट्रीय उद्यानात काही शिखरं १ डिसेंबर ते ३० एप्रिल बंद असतात. सुरुवातीला मी चिडले होते. मग लक्षात आलं, जिथे वाऱ्याने बर्फ उडून गवत उघडं पडतं तेवढ्या कड्यांवर त्या तगून असतात, दुसरीकडे जाणार कुठे? नकाशावर नेमकी रेघ दाखवा, मी ओलांडणार नाही. पण सरसकट डोंगर बंद म्हणाल तर लोक रेघही पाळणार नाहीत.

खडूस_ऑग्डेनकर
हेच! आणि तारखेचंही बघा. वायोमिंगमध्ये १ मेच्या पहाटे ट्रकांची रांग लागते आणि वेळ झाली की शर्यत. एल्क या थोराड हरणाच्या मोठ्या शिंगांचे पैसे येतात ना. चार महिने विखुरलेली माणसं एका सकाळी तुटून पडतात. २०२४ पासून राज्याबाहेरच्यांना आठवडाभर मागे ठेवलंय, गर्दी थोडी फुटली असेल. पण ज्या वर्षी मेमध्येही बर्फ आहे, त्या वर्षी कळप तिथेच असतो.

सॉल्टलेककर
हा मुद्दा मान्य. तारीख बर्फ बघून ठरावी, कॅलेंडर बघून नको. रिसॉर्टबद्दल चंद्रपुरींना उत्तर: नाही, बंद झाले नाहीत. 'सगळंच बंद' हेही मागे घेतो, हरणं उतरतात तेवढे उतार पुरेत.

बर्फाळ_बाई
सॉल्टलेककर, तुम्ही कुत्रा पाळलाय ना? फेब्रुवारीत कुठे फिरवता?

सॉल्टलेककर
घरामागच्या टेकडीवर. साखळी सोडून. हो, कळलं.

खडूस, मेमध्ये शिंगं वेचायला मलाही न्याल का?

खडूस_ऑग्डेनकर
या. कुत्रा घरी ठेवून.