सोसायटीत रॉटवायलर आलाय: 'धोकादायक जातीं'वर बंदीचा ठराव करता येतो का?

सचिव_कोथरूड

आमच्या गृहनिर्माण संस्थेत एका सभासदानं आठ महिन्यांचा रॉटवायलर नर आणला आहे. अजून कोणाला चावलेला नाही, पण लिफ्टमध्ये दोनदा मुलांच्या अंगावर उडी घेतली. सर्वसाधारण सभेत ठराव येतोय: केंद्राच्या यादीतल्या २३ जातींना संस्थेत बंदी, आणि आहे तो कुत्रा महिन्याभरात बाहेर. ती यादी आज लागू आहे का? ठराव टिकेल का? टिकणार नसेल तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमकं काय करायचं? कुत्र्यांवरचं प्रेम किंवा राग बाजूला ठेवून सभेत मांडता येईल असं ठोस सांगा, ही विनंती.

कलम_आणि_पोटकलम

आधी यादीचं. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागानं राज्यांना पत्र पाठवलं, की या २३ जातींच्या विक्रीला आणि पैदाशीला परवाने देऊ नका आणि आधीपासून पाळलेल्यांचं निर्बीजीकरण करा. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये एका याचिकेवर केंद्राला तीन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं होतं, त्यातून हे पत्र निघालं. कर्नाटक उच्च न्यायालयानं १० एप्रिल २०२४ ला ते रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलंच नव्हतं, हा मोठा आक्षेप होता. त्याच महिन्यात दिल्लीतही ते टिकलं नाही आणि केंद्राला हरकती-सूचना मागवाव्या लागल्या. तेव्हा ठरावात 'केंद्राने बंदी घातलेल्या जाती' असं लिहिलंत तर पायाच कच्चा राहील.

यादी स्वतः वाचा, किती घाईत केली ते कळेल. 'तोसा इनू' आणि 'जपानी तोसा' हा एकच कुत्रा दोनदा आलाय. बोअरबोएलचंही तेच, एकदा स्वतंत्र आणि एकदा मॅस्टिफांच्या कंसात. 'टेरियर्स' असा अख्खा गटच घातलाय, त्यात पाच-सहा किलोचा जॅक रसेलही बसतो. आणि 'बॅनडॉग' ही जातच नाही, मॅस्टिफ आणि पिटबुल छापाच्या संकराला लोक तसं म्हणतात. अशा यादीवर उद्या तुमच्या संस्थेत कोण काय ठरवणार?

स्थानिक पातळीवर बंदी झालीच नाही असं मात्र नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात वृद्ध महिलेचा मृत्यू झाला, आणि ऑक्टोबरमध्ये गाझियाबाद महापालिकेनं पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो या तीन जाती पाळण्यावर बंदी घातली. गोव्यात ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुण्याला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला, त्यानंतर विधानसभेनं २०२५ मध्ये हिंस्र जातींच्या नियमनाचं विधेयक मंजूर केलं. पण महापालिका आणि विधानसभा वेगळी, गृहनिर्माण संस्था वेगळी. भारतीय पशुकल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक सरळ सांगतं, की बहुमतानंही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही, जात किंवा आकार हे कारण पुढे करूनही नाही.

हातात काय उरतं? जातीऐवजी त्या एका कुत्र्याच्या वागणुकीवर बोट ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून उपयोगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. त्याखाली कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक प्राणी बंदिस्त ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था लावण्याचा आदेश देऊ शकतो. त्यासाठी नोंदी लागतात: तारीख, वेळ, जागा, पट्टा होता का, कोण हजर होतं, सीसीटीव्हीचं चित्रण. बहुतेक ठिकाणचं चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. लिफ्टमधल्या त्या दोन प्रसंगांचं आजच उतरवून घ्या.

हाडं_आणि_पंजे (पशुवैद्यक)

आठ महिन्यांचा रॉटवायलर नर पस्तीस-चाळीस किलोच्या घरात असतो आणि पुरता वाढला की पन्नास ते साठ. या वयात अंगावर उड्या मारणं बहुतेकदा आगाऊपणा असतो, पण चाळीस किलोच्या धक्क्यानं सहा वर्षांचं मूल आडवं होतं, तेव्हा 'खेळतोय हो तो' हे उत्तर चालायचं नाही. उडी मारताना अंग सैल आणि शेपटीसकट मागचा भाग हलत असेल तर गोष्ट शिकवण्याची आहे. अंग ताठ, तोंड मिटलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय आणि नजर हटत नाही, असं असेल तर महिन्याच्या आत वर्तनतज्ज्ञाला दाखवायला हवं. चित्रण पाहताना हेच बघा.

मालकाला दोन गोष्टी विचारा. पिल्लू किती दिवसांचं असताना आणलं? २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण बाजारात तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास मिळतात. चावा किती जोरात घेतला की भावंडं कळवळतात आणि खेळ थांबतो, हे पिल्लू पाचव्या ते आठव्या आठवड्यात शिकतं. तो काळ हुकला की दातांचा जोर आवरणं नंतर फार कष्टानं येतं. दुसरं, तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात त्यानं मुलं, छत्र्या, व्हीलचेअर, डिलिव्हरीवाले पाहिले का? लसीकरण पूर्ण होईपर्यंत घरातच कोंडलं असेल तर पुढची बरीचशी भीती तिथूनच येते.

निर्बीजीकरणाची घाई करू नका. त्यानं भटकणं आणि नरानरांतली भांडणं कमी होतात. भीतीतून येणारा चावा कमी होत नाही. शिवाय रॉटवायलरसारख्या मोठ्या जातीत वर्षाच्या आत केल्यास सांध्यांचे विकार वाढलेले आढळतात. दीड वर्षाच्या आसपास, वाढ पूर्ण झाल्यावर करावं.

लिफ्टसाठी मुसकं घालायचं ठरलं तर जाळीचं, टोपलीच्या आकाराचं. कापडी पट्टीचं मुसकं दवाखान्यात इंजेक्शन देण्यापुरतं, पाच मिनिटांसाठी असतं. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. तोंड आवळून उन्हाळ्यात फिरवलं तर उष्माघातानं मरू शकतो. जाळीच्या मुसक्यात पूर्ण तोंड उघडता यायला हवं, पाणी पिता यायला हवं, आणि नाकापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. पहिल्याच दिवशी जबरदस्तीनं बांधलं की पंज्यानं ओरबाडून काढतो, आणि पुढे ते नुसतं दिसलं तरी बिथरतो. आधी दोन-तीन दिवस आत उकडलेलं चिकन ठेवून नाक घालू द्यायचं, मग पट्टा क्षणभर लावून सोडायचा, मग एक मिनिट, पाच मिनिटं. बारा-पंधरा दिवसांत बहुतेक कुत्री स्वतःहून नाक घालतात.

मिरजेचा_हँडलर

वरचं सगळं मान्य, पण 'जातीचा काही संबंध नाही' असा अर्थ कोणी काढू नये. स्पिट्झही चावतो, अनेकदा जास्त वेळा चावतो. फरक जखमेत पडतो. इयान डनबार या पशुवैद्यक-वर्तनतज्ज्ञाची चाव्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरा: पहिलीत दात लागतच नाहीत, दुसरीत लागतात पण भोक पडत नाही, तिसरीत एक ते चार भोकं पण सुळ्याच्या निम्म्याहून उथळ, चौथीत निम्म्याहून खोल, पाचवीत असे अनेक चावे, सहावीत मृत्यू. छोटा कुत्रा सहसा तिसरीच्या वर जात नाही. पिटबुल छापाचा कुत्रा धरून झटके देतो आणि सोडत नाही, म्हणून पहिलाच चावा चौथी-पाचवीचा निघू शकतो. त्याचा जबडा 'लॉक' होतो ही समजूत चूक आहे, तशी कुठलीही रचना नसते. न सोडण्याची चिकाटी पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेली आहे.

म्हणून पाळण्यावर सरसकट बंदी नको, पण पैदाशीवर कडक लगाम हवाच, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे 'पिटबुल' म्हणून विकलं जाणारं पिल्लू अनेकदा पाकबुली, अमेरिकन बुली, डोगो यांचा संकर असतं. आई-बाप कोण, त्यांचा स्वभाव काय, कोणाला सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ अमेरिकन पिटबुल टेरियर ही जात मानतही नाही, त्यामुळे कागदांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्यानं राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. पिल्लू घेण्याआधी ते प्रमाणपत्र आणि पिल्लाची मायक्रोचिप मागा. नुसत्या फोनवरच्या फोटोंवर विकणाऱ्याकडून घेऊच नका.

लिफ्टचं तंत्र सांगतो, मालकाकडून एवढं तरी करून घ्या. चार-पाच फुटांचा साधा सपाट पट्टा; लांबत जाणारा चक्रीचा पट्टा अजिबात नको, चाळीस किलोच्या हिसक्यानं ब्रेक सुटतो नाहीतर दोरी हाताला कापते. गळ्यात मार्टिंगेल कॉलर (ओढ बसली की थोडी आवळणारी), म्हणजे मागे सरकून डोकं काढता येत नाही. दार उघडण्याआधी कुत्रा बसलेला, आधी माणूस बाहेर डोकावणार. आत कोपऱ्यात कुत्रा, त्याच्या आणि लोकांच्या मध्ये मालकाचे पाय, पट्टा दीड फुटावर धरलेला. आत मूल असेल तर पुढची लिफ्ट. पट्टा बारा वर्षांच्या मुलाच्या किंवा मोलकरणीच्या हातात द्यायचा नाही. बरेच प्रसंग मालक सोबत नसतानाच घडतात.

आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. मारून ती बंद केली की पुढच्या वेळी सूचना न देताच चावतो.

लीड्सकर

ब्रिटनचा अनुभव सभेत सांगण्यासारखा आहे. इथे १९९१ च्या कायद्यानं पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांवर बंदी आली. पिटबुल ठरवतात ते मापांवरून. नाव किंवा डीएनए ग्राह्य नाही, आणि कुत्रा त्या छापाचा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. लोकांनी काय केलं? त्या मापांत न बसणारा, आणखी अवजड असा एक्सएल बुली वाढवला. मग ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो पाळणं गुन्हा. नराची खांद्यापाशी उंची ५१ सेंटिमीटर, मादीची ४८, ही पहिली कसोटी.

प्रमाणपत्राच्या अटी मात्र उचलण्याजोग्या आहेत: मायक्रोचिप, निर्बीजीकरण, दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा, बाहेर कायम पट्टा आणि मुसकं. त्याच कायद्याचं तिसरं कलम कुठल्याही जातीच्या बेफाम कुत्र्याला लागू होतं, २०१४ पासून स्वतःच्या घरातही. मृत्यू झाला तर मालकाला चौदा वर्षांपर्यंत कैद. नेदरलँड्सनं १९९३ ची जातिनिहाय बंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण चाव्यांची संख्या घटलीच नाही.

सचिव_कोथरूड

सर्वांचे आभार. बंदीऐवजी नियमावली मांडतो. मुसक्याची सक्ती करता येईल का? आणि चावा झालाच तर पहिल्या तासात काय करायचं, हे नोटीस बोर्डावर लावायचं आहे.

कलम_आणि_पोटकलम

सक्तीच्या भाषेत लिहिलंत तर २०१५ च्या परिपत्रकाशी वाद उभा राहील. मालकाकडून लेखी हमी घ्या: लिफ्टमध्ये आणि जिन्यात पट्टा व मुसकं, पट्टा सज्ञान व्यक्तीच्याच हाती, महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीच्या दाखल्याची प्रत दरवर्षी कार्यालयात, तृतीय पक्ष नुकसानीच्या कलमासह विमा. हमी मोडली की प्रत्येक वेळी लेखी नोंद. पुढे कलम १५२ खाली अर्ज करायची वेळ आली तर ही फाइलच तुमचा पुरावा.

हाडं_आणि_पंजे (पशुवैद्यक)

बोर्डासाठी. कुत्र्यानं धरून ठेवलं असेल तर माणसाला ओढू नका, मांस फाटतं. दोघांनी मिळून काम करा: एकानं कुत्र्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून कॉलर वर खेचून धरायची, दुसऱ्यानं माणसाचा धरलेला भाग स्थिर ठेवायचा. पकड सैल होताच कुत्रा मागे ओढायचा. लाथा-काठ्यांनी तो पकड आणखी घट्ट करतो.

सुटका झाल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. मग पोव्हिडोन आयोडीन. रक्त भळाभळा वाहत असेल तर आधी स्वच्छ कापडानं दाबून धरून थेट रुग्णालय. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. घालावेच लागले तर आधी जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) भरतात. कातडी फुटून रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, हे इम्युनोग्लोब्युलिन जखमेच्या आत आणि भोवती द्यावंच लागतं. ते आहे का हे रुग्णालयाला फोनवर आधीच विचारा. लस दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून माणसाची थांबवू नका. कुत्र्याला दहा दिवस बांधून, खाणं-पाणी देऊन नजरेखाली ठेवा. तेवढ्यात तो आजारी पडला किंवा मेला तर डॉक्टरांना आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला त्याच दिवशी कळवा.