विषय: मेपलखालची जागा – शनिवारी मातीचा ट्रक

प्रेषक: मंदार, कार्यकारिणी
नमस्कार मंडळी,
हॉलमागच्या मेपलखाली यंदाही गवत धरलं नाही. गणपतीत मुलं तिथे खेळली आणि सगळी धूळ हॉलभर झाली. शनिवारी मातीचा ट्रक येतोय. खोडाभोवती विटांचं कडं, आत ८ इंच माती, वर होस्टा (सावलीत येणारी रुंद पानांची झाडं). फावडी, ढकलगाडी असेल त्यांनी कळवा. सकाळी ९.

प्रेषक: शुभदा, बाग समिती
मंदार, ट्रक थांबव. सभेत 'काहीतरी लावू' एवढंच ठरलं होतं. माती ओतायचं बाग समितीला आज कळतंय, हे बरोबर नाही.
झाडाची अन्नपाणी घेणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात. त्यांच्यावर ८ इंच माती टाकली की त्यांची हवा तुटते. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं आणि तोवर मातीचं कुणाच्या लक्षातही नसतं. खोडाला माती टेकली की साल कुजते ते वेगळंच.
हा नॉर्वे मेपल आहे. पानाचा देठ मोडून बघा, पांढरा चीक येतो. सावली गच्च, मुळं उथळ. परवाच्या पावसानंतर खुरपं घालून पाहिलं. पार्किंगपाशी चिखल होता, आणि खोडापासून दोन हातांवर बोटभर खाली कोरडी भुकटी, मुळांची जाळी. गवत मरतं ते सावलीइतकंच तहानेनं.

प्रेषक: वसंतकाका
आमच्या गुहागरच्या बागेत नारळीपोफळीखाली हळद, केळी, मिरी सगळं येतं. सावलीत काही येत नाही हे मला पटत नाही. इथेही हळद लावून बघा.

प्रेषक: रश्मी
काका, त्या बागेला रोजचं शिपणं असतं ना? आणि माडाखाली ऊन झिरपतं, मेपलखाली नाही. हळद तर इथल्या पहिल्या थंडीतच बसेल.
मला वेगळंच विचारायचंय. दरवर्षी दूर्वांसाठी धावपळ होते. तिथेच एका कोपऱ्यात दूर्वा आणि तुळस लावता येईल का?

प्रेषक: शुभदा, बाग समिती
रश्मी, दोन्हींना दिवसभर ऊन हवं. दूर्वा सावलीत आधी विरळ होतात, मग जातात. समोरच्या पायरीपाशी कुंडीत लावू, तुळस हिवाळ्यात घरात नेऊ.

प्रेषक: अनघा
होस्टाला माझा विरोध. आमच्याकडे हरणांनी एका रात्रीत देठ तेवढे ठेवले.

प्रेषक: मंदार, कार्यकारिणी
ट्रक रद्द केला, पण ॲडव्हान्स परत मिळेल का ते विचारतोय. शुभदाताई, मग लावायचं काय तेही सांगा. नुसतं 'नको' म्हणून धूळ थांबणार नाही.

प्रेषक: शुभदा, बाग समिती
पेन्सिल्व्हेनिया सेज (sedge, गवतासारखं बुटकं झाड) सगळ्यात जास्त, मध्ये ख्रिसमस फर्न, कडेला व्हाइट वुड ॲस्टर. तिन्ही इकडचीच, आणि हरणं सहसा सोडून देतात. खोडाजवळ एपिमीडियम; ते सावकाश पसरतं, पण कोरड्या सावलीत तग धरतं. मोठ्या कुंड्यांतली रोपं आणू नका, त्यांच्यासाठी खड्डा घेताना मुळं तुटतात. प्लग ट्रे, म्हणजे छोट्या खणांतली बारकी रोपं घ्या. जाड मूळ लागलं की कापायचं नाही, वीतभर बाजूला सरकायचं. गळालेली पानं यंदा ब्लोअरनं उडवू नका, तिथेच राहू देत, फक्त खोडापासून लांब.
जिथे मुलं खेळतात तिथे रोपं नकोच. लाकडाच्या ढलप्या (वुड चिप्स) दोन-तीन इंच पसरू.

प्रेषक: वसंतकाका
शिपणं आम्ही पहाटे करायचो. इथे कोण करणार?

प्रेषक: शुभदा, बाग समिती
काका, खरी अडचण तीच. पुढचा सबंध उन्हाळा, पाऊस नसेल त्या आठवड्यात एकदा तरी खोल पाणी द्यावं लागेल. मेपल आधी पितो, उरलं तर रोपांना. नळ पुढे आहे आणि पाइप मागपर्यंत पोचत नाही.

प्रेषक: अनघा
आमच्याकडे ५० फुटी पाइप आहे. जून माझा. जुलैत आम्ही भारतात.

प्रेषक: वसंतकाका
जुलै मी करीन. मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते?