रोबॉट हवाच कशाला?

'मेंदूचं मॉडेल संगणकावर चालतंय, मग रोबॉटवर खर्च कशाला' असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटला. ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला केलेली, उजेड शोधत फिरणारी एल्मर-एल्सी ही यांत्रिक कासवं बघा. मेंदू म्हणजे जेमतेम दोन व्हॅक्यूम ट्यूब (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या)! अंगावर दिवा. आरशासमोर सोडलं की स्वतःचाच उजेड दिसायचा, तो दिसला की दिवा विझायचा, विझला की पुन्हा उजेडाचा शोध आणि दिवा परत चालू. कासव आपलं थुईथुई नाचतंय. आता हा नाच नुसत्या सर्किटमध्ये कुठे शोधणार?

ऐरोलीत भाचीच्या रोबॉटिक्स क्लासला असंच झालं. काळ्या पट्टीवरून जाणारी गाडी लॅपटॉपवर एकदम शहाणी, पण फरशीवर खिडकीतलं ऊन आलं की थेट कपाटावर. पोरांनी उजेडावरून पट्टी ओळखणाऱ्या सेन्सरला पुठ्ठ्याचा आडोसा केला. कोडला हातही न लावता गाडी सुतासारखी सरळ.