स्टीलच्या औष्णिक प्रतिबलासाठी फ्रॅक्शनल विकलज: गरज आहे का?

धागाकर्ता: फ्रॅक्शनल विकलज म्हणजे ज्याची कोटी (अल्फा) पूर्णांक नसते असा विकलज. उष्णतेने स्टीलमध्ये येणारा ताण काढायला तो हवा का? माझं मत स्पष्ट आहे, गरज नाही. फूरियेच्या नियमात (उष्णताप्रवाह तापमानाच्या उताराच्या प्रमाणात) उष्णता क्षणात सगळीकडे पोचते, हा आक्षेप खरा. म्हणूनच कॅतानेओने १९४८ साली शिथिलन-काळ (तापमानात फरक पडल्यावर प्रवाहाला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) आणला आणि लॉर्ड-शुल्मन यांनी १९६७ साली तो औष्णिक स्थितिस्थापकतेत (तापमान आणि ताण यांच्या एकत्रित सिद्धांतात) नेला. पण धातूत हा काळ पिकोसेकंदांचा असतो. सेकंदभर तापवलं तर स्टीलमध्ये उष्णता साधारण साडेतीन मिलिमीटर शिरते. तिथे फूरिये पुरतो. फ्रॅक्शनल नियम घेऊन आलेख जुळेपर्यंत अल्फा ०.८, ०.९ असा फिरवत बसण्यात भौतिकी कुठे आली? त्यात शिथिलन-काळाला अल्फाचा घात द्यायचा राहिला, की एककंही जुळत नाहीत.

प्रतिसाद १: अर्धा विकलज (अल्फा ०.५) खुद्द फूरियेतूनच निघतो! सुरुवातीला एकसमान तापमान असलेला जाड ठोकळा घ्या. वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि त्याला पृष्ठभागाच्या तापमानवाढीच्या अर्ध्या विकलजाने गुणा. झाला आत शिरणारा उष्णताप्रवाह. कार्बन स्टीलला ते वर्गमूळ एसआय एककांत साधारण १३,५०० येतं. पृष्ठभाग एकदम १०० अंशांनी चढवला, तर एका सेकंदानंतर प्रवाह १३,५०० × १०० भागिले पायचं वर्गमूळ, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७.६ लाख वॉट. यात जुळवाजुळव कुठेच नाही. दोन पथ्यं मात्र पाळा: ५० मिलिमीटरच्या प्लेटला हे अर्धा मिनिटभरच वापरा, नंतर मागची बाजू जाणवू लागते, आणि थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची) नोंद आधी गुळगुळीत करा, कारण अर्धा विकलज गोंगाट वाढवतो.

धागाकर्ता: हे मान्यच. पण तिथे नियम फूरियेचाच राहिला. माझा विरोध नियमच बदलण्याला आहे.

प्रतिसाद २: मग धातू सोडा, पॉलिमरकडे या. साठवण-मापांक (पदार्थ परत देतो त्या ऊर्जेचं माप) आणि क्षय-मापांक (उष्णतेत वाया जाते तिचं माप) दोन्ही वारंवारतेच्या अल्फा घाताने वाढत असतील, तर लॉग-लॉग आलेखावर दोन समांतर रेषा दिसतात. क्षय भागिले साठवण हे गुणोत्तर टॅन (९० अंश × अल्फा) यायलाच हवं, अल्फा ०.३ असेल तर ०.५१. उतारावरून काढलेला अल्फा आणि गुणोत्तरावरचा अल्फा जुळले नाहीत, तर मॉडेल टाकून द्या. जुळले, तर अल्फा आणि एक गुणक अशा दोन स्थिरांकांत काम होतं. प्रोनी मालिकेला (घातांकी पदांच्या बेरजेच्या नेहमीच्या मॉडेलला) वारंवारतेच्या दर दशकाला साधारण एक पद लागतं.

प्रतिसाद ३: कागदावर दोन स्थिरांक, संगणकावर अख्खा इतिहास! एल-१ पद्धतीत (फ्रॅक्शनल विकलज संगणकावर काढायच्या नेहमीच्या पद्धतीत) दर काळ-पायरीला मागच्या सगळ्या पायऱ्या लागतात. १ लाख नोड (जाळीचे बिंदू), १०,००० पायऱ्या, दर आकड्याला ८ बाइट: एकाच राशीला ८ जीबी. शिवाय सुरुवातीच्या क्षणी उत्तराचा उतार बहुधा अनंत असतो, त्यामुळे समान पायऱ्या घेतल्या की अचूकता ढासळते. सुरुवातीला पायऱ्या दाट घ्या आणि जुना इतिहास घातांकी पदांच्या बेरजेत बसवा.

धागाकर्ता: घातांकी पदांची बेरीज म्हणजे पुन्हा प्रोनीच की!

प्रतिसाद २: रूप तेच, पण इथे ती पदं अल्फा, काळाचा पल्ला आणि हवी ती अचूकता यांवरून गणिताने ठरतात. नमुन्यावर मोजायचे स्थिरांक दोनच राहतात.