मदत हवी आहे : टुनटुन यांच्या मुलाखती कुठे मिळतील?

मंडळी, हिंदी चित्रपटांतल्या विनोदी अभिनेत्री टुनटुन यांच्यावर लेख लिहायला घेतलाय. लोकांना त्या फक्त अंगकाठीवरच्या विनोदांमुळे आठवतात, याचं फार वाईट वाटतं. अहो, मुळात त्या गायिका उमादेवी! १९४७ च्या ‘दर्द’मधलं ‘अफसाना लिख रही हूँ’ त्यांचंच, संगीत नौशाद यांचं. काय खणखणीत, मोकळा आवाज आहे तो! पडद्यावर आल्या १९५० च्या ‘बाबुल’मधून, पुढे गुरुदत्तच्या ‘आरपार’, ‘प्यासा’मध्येही दिसल्या. ‘प्यासा’त नायक विजयची कॉलेजमधली मैत्रीण भेटते ना, त्याच या.

कुणाकडे त्यांची जुन्या मासिकांतली मुलाखत किंवा रेडिओवरचं ध्वनिमुद्रण आहे का? शिवाय, शरीरावर विनोद न करता निव्वळ टायमिंगवर त्यांनी हसवलंय, असे प्रसंग आठवत असतील तर चित्रपटाच्या नावासकट नक्की सांगा. हिंदी-उर्दू मजकूरही चालेल.